सही कोणाची?

लॅपटॉप उलटा ठेवलेला आहे. खालचे झाकण निघाले आहे. चार्जर लावला की पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच. दुकानाच्या भाषेत याला ‘नो डिस्प्ले’ म्हणतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, असे लॅपटॉप रोज येतात. चिप-लेव्हलचे काम करणारा कारागीर आधी मीटर घेऊन व्होल्टेज तपासतो. ते बरोबर निघाले, की तो मदरबोर्डवरची आठ पायांची एक काळी चिप शोधतो. आकाराने ती तुरीच्या डाळीएवढी. तिच्यावर तो चिमटा बसवतो, चिमट्याची वायर यूएसबीवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमरला जोडतो, आतला मजकूर वाचून त्याची प्रत बाजूला ठेवतो आणि त्याच मॉडेलची शाबूत फाइल तिच्यावर लिहितो. ‘बायोस मारला,’ असे तो गिऱ्हाइकाला सांगतो. बटण दाबताच पडद्यावर कंपनीचे चिन्ह उमटते.

त्या चिपमधला मजकूर बहुतेकदा आठ, सोळा किंवा बत्तीस मेगाबाइटचा असतो. मोबाइलवर काढलेल्या चार-पाच फोटोंएवढा. पण तो बिघडला तर लाखाचा लॅपटॉप आणि पोळपाट यांत फरक राहत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत हा मजकूर दुरुस्त करणे अवघड होत गेले आहे. चिमटा तोच आहे, चिपचे पायही आठच आहेत. फक्त आतल्या मजकुराखाली आता सही असते. हे प्रकरण त्या सहीचे आहे.

छापलेले गुपित

संगणकाला वीज मिळते त्या क्षणी प्रोसेसरला कशाचाच पत्ता नसतो. मेमरी किती आहे, कीबोर्ड कुठे जोडला आहे, विंडोज कोणत्या डिस्कवर आहे, यातले काहीच त्याला माहीत नसते. ही पहिली शिकवणी देणारा प्रोग्रॅम मदरबोर्डवरच्या चिपमध्ये कायमचा ठेवलेला असतो. हेच फर्मवेअर. संगणकातल्या या मुख्य फर्मवेअरला बायोस म्हणतात.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला. त्यासोबतच्या तांत्रिक माहितीपुस्तकात मदरबोर्डची आकृती होती आणि बायोसचा संपूर्ण प्रोग्रॅमही ओळीनिशी छापलेला होता. वाचायला तो सगळ्यांना मोकळा होता; नक्कल करायला मात्र स्वामित्वहक्काची आडकाठी होती. कॉम्पॅकने त्यातून वाट काढली. एका गटाने आयबीएमचा बायोस काय काय करतो याची टिपणे काढली आणि मूळ प्रोग्रॅम कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्या टिपणांवरून नवा बायोस लिहिला. १९८४ मध्ये फिनिक्स टेक्नॉलॉजीजने असाच तयार केलेला बायोस कोणत्याही कंपनीला विकायला काढला, आणि आयबीएमसारखेच चालणारे पीसी जगभर तयार होऊ लागले. पुढे आपल्याकडे गल्लोगल्ली पीसी जोडून देणारी दुकाने निघाली, ती याच मोकळेपणाच्या जिवावर. कोणताही भाग कुठूनही आणा, खाचेत बसवा, बायोस त्याला सामावून घेई.

बायोसचा पासवर्ड विसरला, तर मदरबोर्डवरचा रुपयाच्या नाण्यासारखा चपटा सेल काढायचा, थोडे थांबायचे, परत बसवायचा. पासवर्ड गेलेला असे. हे काम शाळकरी पोरेही करत.

कुलूप का आले

सुरुवातीच्या चिपमधला मजकूर एकदा लिहिला की लिहिला. नव्वदच्या दशकात पुन्हा लिहिता येणाऱ्या फ्लॅश चिप आल्या. नवा प्रोसेसर आला की बायोस नवा करून घ्यायचा, बोर्ड बदलायचे कारण नाही. सोय मोठी होती. मात्र मालकाला लिहिता येते ते चोरालाही लिहिता येते.

२६ एप्रिल १९९९ रोजी याचा प्रत्यय आला. तैवानमधल्या एका विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच नावाचा व्हायरस त्या दिवशी जागा झाला. चेर्नोबिल दुर्घटनेचाही दिवस तोच, म्हणून त्याला चेर्नोबिल व्हायरस असेही नाव पडले. तो डिस्कची सुरुवात पुसून टाकत असे आणि जमेल त्या मदरबोर्डवर बायोसच्या चिपमध्येही कचरा लिहीत असे. असे संगणक सुरूच होईनात. तेव्हा कारागिरांनी एक धाडसी युक्ती वापरली. सारख्याच बोर्डवरची चांगली चिप लावून संगणक सुरू करायचा, चालू संगणकातून ती अलगद उपटायची, तिच्या जागी बिघडलेली चिप खोचायची आणि तिच्यावर नवा मजकूर लिहायचा. चिप तेव्हा बऱ्याच बोर्डवर सॉकेटमध्ये बसवलेल्या असत, म्हणून हे जमले.

उद्योगाने धडा घेतला. इंटेलने आपल्या मोठ्या प्रोसेसरसाठी तयार केलेली नवी रचना २००५ मध्ये अनेक कंपन्यांच्या सामाईक संस्थेकडे गेली. तिचे नाव यूईएफआय. आजही लोक तिला सवयीने बायोसच म्हणतात. २०११ च्या सुमारास तिच्यात ‘सिक्युअर बूट’ आले, आणि २०१२ मध्ये विंडोज ८ चा शिक्का हव्या असलेल्या संगणकांना ते सक्तीचे झाले. सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमखाली मान्य सही आहे का, हे फर्मवेअर तपासू लागले.

पण खुद्द फर्मवेअरची सही कोण तपासणार? त्यासाठी इंटेलने २०१३ च्या प्रोसेसरपासून ‘बूट गार्ड’ दिले. लॅपटॉप बनवणारी कंपनी आपल्या सहीची खूण प्रोसेसरच्या जोडीच्या चिपसेटमधल्या बारीक फ्यूजांत कायमची जाळून टाकते. हे फ्यूज एकदा जळले की पूर्ववत होत नाहीत. संगणक सुरू होताना फर्मवेअरची सही त्या खुणेशी जुळवली जाते. जुळली नाही, तर बहुतेक कंपन्यांच्या रचनेत संगणक पुढे सरकतच नाही.

टेबलावर याचा अर्थ असा: कंपनीची मूळ फाइल चिमट्याने लिहिली तर आजही चालते. तीत एक अक्षर बदलले, मान्य सुट्या भागांची यादी काढून टाकली किंवा पासवर्ड वगळण्यासाठी डागडुजी केली, की सही मोडते. चिपसेटच जळला असेल आणि दुसऱ्या कंपनीच्या बोर्डवरून काढलेला लावला, तर तो त्या कंपनीची खूण पोटात घेऊन आलेला असतो. सोल्डरिंग कितीही सफाईदार असले तरी तो नव्या घरात नांदत नाही.

बायोसच्या आठ पायांच्या चिपमध्ये इंटेलच्या ‘मॅनेजमेंट इंजिन’ या चिपसेटमधल्या छोट्या यंत्रणेचा मजकूरही राहतो. दुसऱ्या बोर्डची फाइल जशीच्या तशी मारली आणि हा भाग स्वच्छ केला नाही, तर काही पिढ्यांचे संगणक व्यवस्थित सुरू होतात आणि अर्ध्या तासाने आपोआप बंद पडतात. गिऱ्हाईक खूश होऊन घरी पोचते आणि तासाभरात परत येते. चिप-लेव्हलचे काम शिकणाऱ्याला हा धडा लवकरच मिळतो.

जुनी हत्यारेही एकेक करून बाद होत आहेत. बरीच वर्षे यूईएफआयच्या पोटात जुन्या बायोसची नक्कल ठेवलेली असे, त्यामुळे डॉसवर चालणारी तपासणीची पेनड्राइव्ह चालत. ही नक्कल २०२० पर्यंत बंद करण्याचा इरादा इंटेलने २०१७ मध्ये जाहीर केला. नव्या लॅपटॉपवर ती पेनड्राइव्ह आता दिसतसुद्धा नाही.

फेरफार न झालेला भाग

गावाकडे जमीन घेतली, पैसे दिले, खरेदीखत झाले, तरी तलाठ्याकडे फेरफार नोंदला जाऊन सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत घेणाऱ्याला झोप लागत नाही. संगणकाच्या सुट्या भागांचे तसेच झाले आहे. भाग अस्सल आहे, नीट बसला आहे, पण फर्मवेअरच्या दप्तरी त्याची नोंद नाही. आणि इथला तलाठी कंपनीचा नोकर असतो.

याची सुरुवात जुनी आहे. थिंकपॅड लॅपटॉपमध्ये फर्मवेअरच्या मान्य यादीबाहेरचे वाय-फाय कार्ड लावले, की पडद्यावर १८०२ क्रमांकाची त्रुटी येई आणि कार्ड काढेपर्यंत संगणक अडून बसे. अँटेना आणि कार्ड यांची जोडी रेडिओ नियमांखाली एकत्र प्रमाणित होते, हे त्यामागचे कारण. थिंकपॅड बनवणाऱ्या लेनोवोने पुढच्या पिढ्यांत ही यादी सोडून दिली. डेलच्या गोल पिनच्या चार्जरमध्ये मधली बारीक सुई लॅपटॉपला चार्जरची ओळख सांगते. ती ओळख पटली नाही, तर संगणक चालतो पण बॅटरी भरत नाही आणि प्रोसेसर मंदावतो. कित्येकदा चार्जरच्या वायरीत फक्त तेवढीच तार तुटलेली असते.

मदरबोर्ड बदलला तर त्यात संगणकाचा अनुक्रमांक लिहावा लागतो. थिंकपॅडवर तो लिहिला नाही तर दर वेळी २२०० क्रमांकाची त्रुटी दिसते. अनुक्रमांक लिहिण्याचे साधन अधिकृत सेवा केंद्राकडे असते. बाहेरच्या कारागिराकडे ते असले, तर ते आडवाटेने आलेले असते. फर्मवेअरचा मोठा पासवर्ड विसरला, तर आता सेल काढून भागत नाही. तो पासवर्ड आम्हालाही काढता येत नाही, बोर्ड बदला, असे लेनोवोची माहितीपुस्तके सांगतात. चोरासाठी हे उत्तर उत्तम आहे. नवऱ्याच्या निधनानंतर त्याचा लॅपटॉप उघडू पाहणाऱ्या बाईलाही तेच उत्तर मिळते.

ॲपलने हा विचार सर्वात पुढे नेला. २०१७ च्या अखेरीस आयमॅक प्रोमध्ये आणि २०१८ मध्ये मॅकबुक प्रोमध्ये टी२ ही सुरक्षा चिप आली. डिस्कवरचा सगळा मजकूर कुलूपबंद, आणि त्याची किल्ली त्या चिपच्या पोटात. म्हणून टी२ असलेला बोर्ड पुरता मेला, तर डिस्क शाबूत असूनही त्यातले फोटो हाती लागत नाहीत. ऑक्टोबर २०१८ मध्ये ॲपलच्या सेवा केंद्रांसाठीचा एक कागद बाहेर आला. पडदा, लॉजिक बोर्ड, बोटाच्या ठशाचा भाग असे काही बदलले, तर कंपनीचा खास प्रोग्रॅम चालवल्याशिवाय दुरुस्ती पूर्ण धरली जाणार नाही, असे त्यात म्हटले होते. आयफिक्सिट या संस्थेने लगेच एका मॅकबुकचा पडदा बदलून पाहिला, यंत्र चालले. अट कागदावर होती, अंमल झाला नव्हता. तरी करायचे ठरवले तर करता येईल, हे सगळ्यांना कळून चुकले.

तसे झाल्यावर काय होते, याचा नमुना आयफोनने आधीच दाखवला होता. बाहेर होम बटण बदललेले फोन नवे सॉफ्टवेअर घेताच ‘एरर ५३’ दाखवून मृतवत होऊ लागले. २०१६ मध्ये गवगवा झाल्यावर ॲपलने माफी मागून सुधारणा दिली. मात्र असे फोन मोफत दुरुस्त होणार नाहीत, असे कंपनीने ग्राहकांना सांगितले होते. ही दिशाभूल ठरवून ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने जून २०१८ मध्ये तिला ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

विंडोजच्या जगात हीच गोष्ट टीपीएम नावाच्या तिजोरीने होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ने ती आवश्यक केली. डिस्क कुलूपबंद करणारे बिटलॉकर आपली किल्ली याच तिजोरीत ठेवते. मदरबोर्ड बदलला की तिजोरीही बदलते, आणि पडदा ४८ अंकी किल्ली मागतो. विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टचे खाते वापरून नव्याने उभ्या केलेल्या बहुतेक संगणकांवर हे कुलूप आपोआप लागते. आपल्या डिस्कला कुलूप आहे हे मालकाला पहिल्यांदा दुरुस्तीच्या दुकानात कळते, आणि ते कारागिरानेच लावले असा संशयही तो घेतो.

सर्व्हरच्या बाजारात तर प्रोसेसरच कायमचा बांधला जातो. एएमडीचा एपिक प्रोसेसर डेलच्या सर्व्हरमध्ये सुरू झाला, की डेलची सही त्याच्या फ्यूजांत उमटते. नंतर तो दुसऱ्या कंपनीच्या बोर्डवर चालत नाही. जुने सर्व्हर सोडवून भाग विकणाऱ्यांसाठी असा प्रोसेसर म्हणजे एकाच घरात चालणारे नाणे.

कंपनीचा आधार किती दिवस?

फर्मवेअर पूर्वी एकदा लिहून विसरायची गोष्ट होती. आता त्याला औषधासारखे वेळेवर डोस लागतात. ३ जानेवारी २०१८ रोजी मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले दोष जाहीर झाले. त्यांवरचा इलाज इंटेलने तयार केला, पण तो आपल्यापर्यंत पोचायला लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने नवा बायोस काढावा लागतो. विंडोज आणि लिनक्स या इलाजाचा काही भाग सुरू होताना स्वतः भरतात, पण भिस्त कंपनीवरच. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये इंटेलने अनेक जुन्या प्रोसेसरना हा इलाज मिळणार नाही असे जाहीर केले. यंत्र धडधाकट, पण वैद्याने नाव खोडलेले.

डिसेंबर २०२३ मध्ये उघड झालेला ‘लोगोफेल’ दोष तर सुरुवातीला दिसणाऱ्या कंपनीच्या चिन्हातच लपलेला होता. ते चित्र वाचणाऱ्या प्रोग्रॅममधल्या चुकीतून सह्यांची तपासणी चुकवता येत होती. सिक्युअर बूटची मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये काढलेली प्रमाणपत्रेही मुदतीची आहेत. पहिली मुदत जून २०२६ ची. मुदतीनंतर संगणक बंद पडत नाही, पण सुरुवातीच्या टप्प्याची नवी सुरक्षा त्याला मिळत नाही. नवी प्रमाणपत्रे विंडोज अपडेटमधून येतात, तरी काही यंत्रांना त्याआधी कंपनीचे नवे फर्मवेअर लागते. कंपनीने ज्या मॉडेलवर पाणी सोडले, त्याच्या मालकाने काय करायचे?

हा आधार विकतही घ्यावा लागू शकतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये एचपीने आपल्या प्रोलायंट सर्व्हरचे बायोस वॉरंटी किंवा सेवाकरार असलेल्यांपुरतेच ठेवले. जुने सर्व्हर घेऊन चालवणाऱ्या छोट्या संस्था आणि त्यांची देखभाल करणारे स्वतंत्र अभियंते एका दिवसात दाराबाहेर राहिले.

नाण्याला दुसरी बाजू आहे. नव्या फर्मवेअरने काही दुरुस्त्या पूर्वीपेक्षा सोप्या केल्या. बायोस बिघडलेला एचपीचा लॅपटॉप कित्येकदा विंडोज आणि बी ही बटणे धरून, डेलचा कंट्रोल आणि एस्केप धरून सावरतो. झाकणही उघडावे लागत नाही. टी२ चिपचे बिघडलेले फर्मवेअर दुसऱ्या मॅकला केबल जोडून, ॲपलच्याच मोफत प्रोग्रॅमने कोणालाही पूर्ववत करता येते. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी रिचर्ड ह्यूज यांनी २०१५ मध्ये एक सामाईक कोठार उभे केले. डेल, लेनोवो, एचपी आपले फर्मवेअर तिथे ठेवतात आणि ते कोणालाही विनाकरार मिळते. म्हणजे सहीचे कुलूप कायम ठेवूनही दार उघडे ठेवता येते. कोणती कंपनी ते ठेवते आणि कोणती ठेवत नाही, हा तंत्राचा प्रश्न नाही.

किल्ली हरवली तर

कंपन्यांचे म्हणणे असते, की किल्ली आमच्याकडेच सुरक्षित. २०२३ मध्ये एमएसआय या तैवानी कंपनीवर खंडणीखोरांनी हल्ला केला आणि चोरलेल्या फाइल उघड केल्या. त्यांत फर्मवेअरवर सही करायच्या गुप्त किल्ल्या होत्या, बूट गार्डच्याही. फ्यूज तर आधीच जळलेले. घराची किल्ली चोरीला गेली तर आपण कुलूप बदलतो. इथे कुलूप बदलण्याची सोयच ठेवलेली नव्हती. प्रामाणिक कारागिराला ज्या दाराने अडवले, ते दार चोरासाठी किलकिले झाले.

कायदे हळूहळू या दाराशी येत आहेत. युरोपीय संघाने १ मार्च २०२१ पासून सर्व्हरच्या फर्मवेअरबद्दल नियम केला: मॉडेलची विक्री थांबल्यावर किमान ८ वर्षे ताजे फर्मवेअर मोफत किंवा वाजवी दरात मिळाले पाहिजे, आणि सुरक्षेची दुरुस्ती मोफतच. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने मार्च २०२४ मध्ये कायदा करून, १ जानेवारी २०२५ नंतर विकल्या जाणाऱ्या उपकरणांत नोंदीच्या अटीने भाग अडवण्यास मनाई केली. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचे पोर्टल सुरू केले. वस्तू किती दुरुस्त करण्याजोगी आहे हे सांगणाऱ्या निर्देशांकावर नेमलेल्या समितीनेही २०२५ मध्ये अहवाल दिला. पोर्टलवर कंपनी काय द्यायचे ते स्वतः ठरवते, सक्ती नाही. फर्मवेअर किती वर्षे द्यायचे आणि भागाची नोंद कोणी करायची, या दोन ओळी सक्तीच्या होईपर्यंत हा हक्क कागदावरच राहील.

तोवर वाचकाने चार गोष्टी कराव्यात. आपल्या विंडोज संगणकाची ४८ अंकी किल्ली आजच शोधून वहीत उतरवावी. बहुधा ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. फर्मवेअरला पासवर्ड दिला असेल, तर घरातल्या एका माणसाला तो ठाऊक असावा. महत्त्वाच्या फाइलींची प्रत संगणकाबाहेर ठेवावी, कारण मेलेल्या बोर्डमधून त्या काढून देण्याचे वचन आता चांगला कारागीरही देत नाही. आणि नवा लॅपटॉप घेताना रॅम, डिस्क, रंग विचारून झाले, की काउंटरवर आणखी एक प्रश्न विचारावा: या मॉडेलचा बायोस कंपनी किती वर्षे देणार? दुकानदाराला उत्तर येणार नाही. पण दहा गिऱ्हाइकांनी विचारले, तर तो वर विचारील.